गोल्फचा वस्ताद



कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत बोनसवर बोलावे, भविष्य निर्वाह निधीवर बोलावे, फार तर नव्या श्रमसंहितांवर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. तेव्हा आजच्या विषयाची पाटी वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. गोल्फ हा साहेबांचा खेळ. त्याची उठाठेव कामगारांच्या कार्यकर्त्याने का करावी? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आधी दिले पाहिजे.

गोल्फ बड्या लोकांनी खेळला हे खरे. पण तो वाढवला कष्टकऱ्यांनी. चेंडू शिवणारे, काठ्या घडवणारे, गवत राखणारे, खेळाडूची पिशवी खांद्यावर वाहणारे आणि शेवटी तो खेळ शिकवणारे, हे सारे मजुरीची माणसे होते. काही वर्षांपूर्वी एका क्लबातील कॅडी मंडळी, म्हणजे पिशवी वाहणारे गडी, ओळखपत्र आणि पावसाळ्यात बुडणारी मजुरी या दोन प्रश्नांसाठी आमच्याकडे आली. त्यांचा अर्ज लिहिता लिहिता आमच्या ध्यानात आले की, या लोकांपाशी नुसते खांदे नाहीत, नजर आहे. साहेबाचा फटका का बिघडला हे साहेबाला कळण्याआधी त्यांना कळते. आमचे शाळेतले शिक्षण लवकर थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्याच बाकावर बसून आम्ही या खेळाचा इतिहास वाचू लागलो. एका माणसाच्या अंगातले कौशल्य दुसऱ्याच्या अंगात कसे उतरते, हा प्रश्न आम्हांस कारखान्यात रोज भेटतो. त्याचे सर्वांत स्वच्छ उत्तर आम्हांस या खेळात सापडले. तेच आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मोठ्या कुरणात दूरदूर अठरा खळगे असतात. विटीदांडूची गल आपण जाणताच. हा खळगा तसाच, पण मोजून १०८ मिलिमीटर रुंद. चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नसावा आणि त्याचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा, असा नियम आहे. जवळ जास्तीत जास्त चौदा काठ्या बाळगता येतात. कमीत कमी फटक्यांत चेंडू खळग्यात घालावयाचा, इतकाच खेळ. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, वळतो, उसळतो. इथे तो गवतावर निमूट पडलेला असतो. मग यात अवघड ते काय?

अवघडपणा समजण्यास थोडा हिशेब केला पाहिजे. निष्णात खेळाडू काठी मागे उचलतो त्याला सुमारे पाऊण सेकंद लागतो. ती खाली येऊन चेंडूला भिडते त्याला सुमारे पाव सेकंद. या एका सेकंदाच्या हालचालीला स्विंग म्हणतात. आपण तिला झोका म्हणू. काठी आणि चेंडू यांची प्रत्यक्ष गाठ पडते ती सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग. आता माणसाला काही दिसले, त्याच्या मेंदूने ते ओळखले आणि हात हलला, एवढ्याला साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो. म्हणजे काठी खाली येऊ लागल्यावर चूक ओळखून ती सुधारण्यास वेळच उरत नाही. त्यात चेंडूची दिशा एका अंशाने चुकली तर दोनशे मीटरवर तो साडेतीन मीटर बाजूला पडतो.

यातून जो निष्कर्ष निघतो तो फार महत्त्वाचा आहे. झोका चालू असताना खेळाडूला काही शिकवता येत नाही आणि त्याला स्वतःलाही काही आठवता येत नाही. जे काही सुधारावयाचे ते काठी हलण्यापूर्वी: हातांची पकड, पायांची ठेवण, रोख आणि चेंडूची जागा. आणि काठी हलू लागली की मनात एखादेच साधे चित्र मावते. दुसऱ्याला तिथे जागा नसते. जो शिक्षक दहा गोष्टी सांगतो तो खरे पाहता एकही सांगत नाही.

ही गोष्ट जुन्या स्कॉटिश कारागिरांना हिशेबाशिवाय ठाऊक होती. सेंट अँड्र्यूज गावात ॲलन रॉबर्टसन हा चेंडू करणारा कारागीर होऊन गेला. जन्म १८१५, मृत्यू १८५९. कातड्याच्या पिशवीत पिसे ठासून भरून चेंडू शिवावयाचे, हा त्याचा धंदा. त्याच्या हाताखाली टॉम मॉरिस नावाचा मुलगा उमेदवारीला राहिला. चेंडू शिवणे आणि चेंडू मारणे या दोन्ही विद्या तो त्याच एका घरात शिकला. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा, म्हणजे मलायातील झाडाच्या चिकाचा, स्वस्त चेंडू आला. पिसांच्या चेंडूवर पोट असणाऱ्या रॉबर्टसनला तो डोळ्यांसमोर नको होता, आणि त्यावरूनच गुरुशिष्यांत बिनसले. नवे साधन आले की जुन्या कारागिराच्या पोटावर कसा पाय येतो, याचे हे चित्र आम्हांस परके वाटले नाही. मॉरिस पुढे प्रेस्टविकला गेला, परत सेंट अँड्र्यूजला आला आणि १९०८ पर्यंत जगला. मैदान राखणे, काठ्या विकणे आणि शिकवणे या तिन्ही गोष्टी एकाच माणसाने करावयाच्या, हा शिरस्ता त्या पिढीत पडला.

अशा माणसाला व्यावसायिक म्हणत. क्लबातले त्याचे स्थान नोकराचे. क्लबाच्या मुख्य इमारतीत त्याला प्रवेश नसे. त्याचे खरे उत्पन्न काठ्या-चेंडूंच्या दुकानावर असे आणि काही क्लब ते दुकानही त्याच्या हातून काढून घेऊ पाहत होते. तेव्हा १९०१ साली इंग्लंडात या शिकवणाऱ्या मंडळींनी आपली संघटना काढली. तिचा पहिला अध्यक्ष जे. एच. टेलर. हा गृहस्थ अकराव्या वर्षी शाळा सोडून कॅडी झाला, गवंड्याच्या हाताखाली राबला आणि पुढे पाच वेळा ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकला. अमेरिकेत अशीच संघटना १९१६ साली झाली. १९२० साली ओहायो राज्यातील टोलेडो येथील इन्व्हर्नेस क्लबाने राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी आपल्या इमारतीचे दार व्यावसायिकांना उघडले. त्याची आठवण म्हणून खेळाडूंनी वर्गणी काढून क्लबाला एक मोठे घड्याळ भेट दिले. संघटनेचे काम करणाऱ्या माणसाला ही हकीकत वाचून किती बरे वाटले असेल, हे आपणांस सांगावयास नको.

आता ज्या माणसासाठी आम्ही हा विषय घेतला त्याच्याकडे वळतो. त्याचे नाव हार्वी पेनिक. अमेरिकेतील टेक्सस राज्यात ऑस्टिन नावाचे शहर आहे. तिथे १९०४ साली त्याचा जन्म झाला. आठव्या वर्षी तो ऑस्टिन कंट्री क्लबात कॅडी म्हणून लागला. १९२३ साली, विशीही उलटली नव्हती तेव्हा, तो त्याच क्लबाचा मुख्य शिक्षक झाला आणि १९७१ पर्यंत त्या जागेवर राहिला. पुढे मुलगा टिन्सली त्या जागेवर आला, पण म्हाताऱ्याचे शिकवणे सुटले नाही. १९३१ ते १९६३ या काळात टेक्सस विद्यापीठाच्या संघालाही त्याने शिकवले. एकच गाव, एकच क्लब, एकच धंदा. आपल्याकडे तालमीत वस्ताद असतो तसा हा गोल्फचा वस्ताद.

त्याची शिकवण्याची रीत काय होती? पहिली गोष्ट ही की तो पाहत असे. शिष्य चेंडू मारीत राही आणि हा उभा राहून पाही. बोलण्याची घाई नाही. काय सांगावे आणि कोणत्या शब्दांत सांगावे याचा विचार तो घरी जाऊनही करी. कारण त्याला ठाऊक होते की, एखादा शब्द एकदा शिष्याच्या कानात गेला की तो परत घेता येत नाही. त्याची शिकवण औषधासारखी थोडक्या मात्रेत असे. एका गोळीने डोके उतरणार असेल तर सगळी बाटली तोंडात ओतू नये, असे तो शिष्यांना समजावी.

दुसरी गोष्ट, तो अंगाची नावे घेऊन शिकवीत नसे. शक्य तिथे कामाचे चित्र देई. टेक्ससमध्ये रस्त्याकडेचे गवत कापण्याचे एक हत्यार असते. लांब दांड्याच्या टोकाला पाते, उभ्याने दोन्ही हातांनी डावीउजवीकडे झुलवावयाचे. ते हत्यार घेऊन अंगणातले गवत काप, असे तो शिष्याला सांगे. गवत कापताना माणूस कोपर कुठे आहे आणि मनगट कधी वळते याचा विचार करीत नाही. गवत पडावे एवढेच त्याच्या मनात असते आणि अंग आपोआप बरोबर लयीत येते. तीच लय गोल्फच्या काठीला हवी. श्रमाच्या हत्याराने खेळाची काठी शिकवणारा हा गुरू आम्हांस फार आपला वाटला.

तिसरी गोष्ट, तो खळग्यापासून मागे मागे शिकवी. नवशिक्याला वाटते, आधी दणकून लांब मारावे. पेनिक त्याला आधी खळग्याजवळ उभा करी. छोटा फटका, मग थोडा मोठा, मग त्याहून मोठा. छोट्या झोक्यात पकड आणि रोख बसला की मोठा झोका हा त्याचाच विस्तार असतो.

चौथी गोष्ट सर्वांत शहाणपणाची. टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ हे त्याचे दोन नामांकित शिष्य. दोघे एकाच गावचे, एकाच वयाच्या आगेमागे वाढलेले. काइट कष्टाळू, प्रत्येक गोष्ट घोटून घेणारा; क्रेनशॉच्या अंगातच खेळ होता. पेनिक एकाचा पाठ दुसऱ्याला पाहू देत नसे. एकाला दिलेले औषध दुसऱ्याने घेऊ नये, हा त्यातला हेतू. काइट पुढे १९९२ साली अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकला. क्रेनशॉने मास्टर्स ही मोठी स्पर्धा १९८४ आणि १९९५ अशी दोनदा जिंकली. दोघांचे झोके शेवटपर्यंत वेगळेच राहिले, याचे श्रेय आम्ही गुरूला देतो.

त्याच्याकडे शिकावयास स्त्रियाही येत. कॅथी व्हिटवर्थ ही न्यू मेक्सिकोतील लहान गावची मुलगी. तिचा पहिला शिक्षक हार्डी लाउडरमिल्क याने एके दिवशी ओळखले की, आपल्याजवळचे संपले आहे, आणि तिला पेनिककडे पाठवले. या बाईने पुढे स्त्रियांच्या व्यावसायिक स्पर्धांत ८८ विजय मिळवले. आपले संपले हे ओळखून शिष्याला पुढच्या दारात नेऊन सोडणे, यालाही मोठे मन लागते. त्या पहिल्या शिक्षकाचे नाव आम्ही मुद्दाम घेतले.

पेनिक आयुष्यभर एका तांबड्या वहीत आपली निरीक्षणे टिपून ठेवीत असे. ती वही मुलाखेरीज कोणास दाखवलेली नव्हती. म्हातारपणी त्याने ती बड श्रेक या लेखकाच्या हाती दिली आणि १९९२ साली तिचे पुस्तक झाले. प्रकाशकाने नव्वद हजार डॉलर देऊ केले. ही बातमी पेनिकच्या कानी आली तेव्हा त्याचा समज असा झाला की, पुस्तक छापून घेण्यासाठी ही रक्कम आपणच भरावयाची आहे, आणि एवढे पैसे आणावे कोठून या काळजीत तो पडला! पुस्तक मात्र लाखांनी खपले. आपल्या विद्येची बाजारात किंमत काय, हे जन्मभर राबणाऱ्याला कधीच कोणी सांगितलेले नसते. यात हसण्यासारखे आहे तितकेच विचार करण्यासारखेही आहे.

पेनिक हा काही एकटाच नव्हे. ओहायोतील कोलंबस शहरी सायोटो क्लबात जॅक ग्राउट नावाचा शिक्षक होता. १९५० साली त्याच्याकडे दहा वर्षांचा जॅक निक्लस आला. झोक्यात डोके हलता कामा नये, हा ग्राउटचा आग्रह. त्यासाठी त्याने कोणते यंत्र आणले? त्याचा सहायक समोर उभा राहून पोराचे केस मुठीत धरी आणि पोराने चेंडू मारावयाचा. डोके हलले की केस ओढले जात. डोळ्यांत पाणी येई, पण डोके स्थिर झाले. हा मुलगा पुढे अठरा मोठ्या स्पर्धा जिंकला. आजवर तितक्या कोणी जिंकलेल्या नाहीत. आणि एवढा मोठा झाल्यावरही हंगामाच्या आरंभी तो ग्राउटकडे जाई आणि पकड कशी धरावी, उभे कसे राहावे, या पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरुवात करी. आपले जुने पैलवान वस्तादापुढे पुन्हा लंगोट लावून उभे राहत, त्यातलाच हा प्रकार.

कोणी म्हणेल, ह्या साऱ्या जुन्या लोकांच्या आठवणी. शास्त्र काय म्हणते? शास्त्राचीही साक्ष काढू. १९९९ साली गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी गोल्फ कधी न खेळलेल्या लोकांचे दोन गट केले. एका गटाला सांगितले, आपल्या हातांच्या हालचालीकडे लक्ष द्या. दुसऱ्याला सांगितले, काठीच्या टोकाच्या झोक्याकडे लक्ष द्या. दुसरा गट अधिक अचूक ठरला. त्याआधी १९९२ साली रिचर्ड मास्टर्स या संशोधकाने असे दाखवले होते की, ज्यांनी सूचनांची यादी वाचून चेंडू खळग्यात ढकलण्याचा सराव केला त्यांची प्रगती ताणाच्या वेळी अडली. ज्यांना नियमांची जाणीव न होता सराव घडला त्यांची अडली नाही. गवत कापण्याच्या हत्याराने पेनिक जे करीत होता त्यालाच या लोकांनी मोजमाप दिले. त्याने ते अर्धशतक आधी केले, कारण तो समोरच्या माणसाकडे पाहत होता.

आज रडारची यंत्रे निघाली आहेत. चेंडूचा वेग, त्याची फिरकी, काठीचा कोन, सारे आकडे क्षणात पडद्यावर येतात. सेकंदाला शेकडो चित्रे घेणारे कॅमेरे आहेत. आम्ही यंत्राचे वैरी नाही. डोळ्याला न दिसणारे यंत्राला दिसते आणि शहाणा शिक्षक त्याचा उपयोग करतो. पण यंत्र वीस आकडे देते. त्यांतला कोणता आज सांगावा, कोणता महिन्याने सांगावा आणि कोणता कधीच सांगू नये, हे यंत्राला सांगता येत नाही. समोरचा माणूस आज घरी भांडून आला आहे, त्याचा गुडघा दुखतो आहे, तो रागाने मारतो आहे, हे जवळ उभा असलेला माणूसच ओळखतो.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो, कारण तो आमच्यावरच येतो. आम्ही शाळेबाहेर शिकलेले. मग गुरू पाहिजेच असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? गोल्फमध्येही असा एक माणूस झाला. बेन होगन, जन्म १९१२, तोही टेक्ससचा आणि तोही बालपणी कॅडी. बोटांची सालटी निघेपर्यंत एकट्याने सराव करून त्याने आपला झोका घडवला, असे सर्व सांगतात आणि ते खोटे नाही. परंतु या होगनने १९४८ साली आपले पहिले पुस्तक लिहिले ते कोणाला अर्पण केले? हेन्री पिकार्ड या व्यावसायिकाला. होगनचा चेंडू सारखा डावीकडे वळून जाई. पिकार्डने त्याची पकड पाहिली आणि ती बदलावयास सांगितली. हजारो तासांचा सराव होगनचा; एक वाक्य पिकार्डचे. त्या वाक्यावाचून तो सराव चुकीच्याच वाटेवर पक्का झाला असता. स्वतः शिकलेल्या प्रत्येक माणसाच्या मागे असा एखादा पिकार्ड असतो. आमच्यासाठी तो एक ग्रंथपाल होता. 'हे नको, आधी हे वाचा,' एवढेच तो म्हणे, पण आमची वर्षे वाचली.

आता १९९५ सालच्या वसंतातील एक आठवडा सांगतो. पेनिक नव्वदीत होता आणि अंथरुणाला खिळला होता. क्रेनशॉ भेटावयास आला. त्याचा चेंडू खळग्यात ढकलण्याचा फटका बिघडला होता. म्हाताऱ्याने त्याला काठी हातात घ्यावयास सांगितले, पडल्या पडल्या पाहिले आणि सांगितले की, दोनदा रिकामा झोका घे आणि मग स्वतःवर भरवसा ठेव. तो त्याचा शेवटचा पाठ. २ एप्रिलला पेनिक वारला. ५ एप्रिलला ऑस्टिनमध्ये काइट आणि क्रेनशॉ यांनी गुरूला खांदा दिला आणि ते परत जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे मास्टर्स स्पर्धेस गेले.

क्रेनशॉ तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता आणि त्याचा खेळ काही केल्या बसत नव्हता. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी सराव करताना त्याचा कॅडी कार्ल जॅक्सन त्याच्याजवळ उभा होता. जॅक्सन हा ऑगस्टाचा कृष्णवर्णीय कामकरी. १९६१ साली, चौदाव्या वर्षी, त्याने या स्पर्धेत पहिल्यांदा पिशवी वाहिली आणि १९७६ पासून तो क्रेनशॉबरोबर होता. त्या क्लबात १९८२ पर्यंत खेळाडूंना क्लबाचेच कॅडी घ्यावे लागत आणि ते सारे कृष्णवर्णीय असत. ज्या मैदानाचा चढउतार ते तळहातासारखा ओळखत त्या क्लबाचे सभासदत्व १९९० पर्यंत एकाही कृष्णवर्णीयाला मिळाले नव्हते. तर या जॅक्सनने क्रेनशॉला इतकेच सांगितले: चेंडू पायांत किंचित मागे घे आणि खांदा नीट वळव. चारपाच फटक्यांतच चेंडू पूर्वीसारखा सुटू लागला. ९ एप्रिलला क्रेनशॉ एका फटक्याने मास्टर्स जिंकला. दुसरा आला डेव्हिस लव्ह. त्याचे वडीलही विद्यापीठात असताना पेनिकचेच शिष्य होते. शेवटच्या खळग्यावर क्रेनशॉ वाकून रडू लागला तेव्हा मागून येऊन त्याला धरले ते कार्ल जॅक्सननेच. त्या आठवड्याची हकीकत सांगताना लोक स्वर्गस्थ गुरूची कृपा आठवतात, आठवू देत. आम्ही मात्र हेही सांगतो की, गुरू नव्हता तेव्हा त्याचे काम पिशवी वाहणाऱ्याने केले, कारण एकोणीस वर्षे तो त्या झोक्याकडे पाहत आला होता.

आपल्या देशात ही नजर नाही असे समजू नका. १९९१ साली भारताची खुली स्पर्धा अली शेर जिंकला. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक आणि त्याची सुरुवात दिल्लीला कॅडी म्हणून झालेली. १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकली. मुंबईत चेंबूरच्या गोल्फ मैदानाभोवतीच्या वस्त्यांत कॅडीचे काम करणारी पोरे लोखंडी सळई टोकाला वाकवून तिची काठी करतात आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने बोळाबोळांतून खेळतात. त्यांना रडार नाही आणि फी भरून शिक्षकही नाही. पाहणे आणि एकमेकांना सांगणे, एवढीच त्यांची शाळा आहे.

आता आमच्या घरच्या प्रश्नाकडे येतो. कारखान्यात नवा मुलगा कानस धरतो तेव्हा त्याचे हात वरखाली डुलतात आणि घासलेला तुकडा सपाट न होता मध्ये फुगीर होतो. हे त्याला पुस्तकातून समजते, पण जमत नाही. जुना मिस्त्री वाइसपाशी उभा राहतो, दहा मिनिटे काही बोलत नाही आणि मग पोराच्या कोपराला एक बोट लावतो. तेवढ्याने हात सरळ जाऊ लागतो. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ साली झाला. त्यात उमेदवाराला शिकवण्याची जबाबदारी मालकावर ठेवली आहे. पण पुष्कळ ठिकाणी उमेदवार म्हणजे स्वस्त मजूर, असा त्याचा अर्थ लावला जातो. नावाशी आपल्याला कर्तव्य नाही, पण एका कारखान्यात शिकवणाऱ्या मिस्त्र्याची जागा रद्द करून त्याऐवजी भिंतीवर पडदा लावण्याचे ठरले. आम्ही मागणी केली की, उमेदवारांसाठी एक मिस्त्री रोज दोन तास उत्पादनातून मोकळा ठेवावा. वाटाघाटीत व्यवस्थापनाच्या गृहस्थांनी विचारले, "त्या दोन तासांत तो करतो काय? नुसता उभा तर असतो!"

त्यांचा प्रश्न मत्सराचा नव्हता. खरोखरच त्यांना दिसत नव्हते. पडद्याचा खर्च दिसतो, पडदा चालू आहे की बंद तेही दिसते. उभ्या माणसाचे पाहणे दिसत नाही. पेनिक ऑस्टिनच्या मैदानावर उभा राहून काय करीत होता? कार्ल जॅक्सन एकोणीस वर्षे खांद्यावर पिशवी घेऊन काय करीत होता? जो नुसता उभा दिसतो तो दहा चुकांतून एक निवडत असतो आणि नऊ गिळत असतो. हे काम आहे, कौशल्याचे काम आहे आणि त्याला वेतन मिळाले पाहिजे. त्या कारखान्यात बोलणी अजून चालू आहेत. दोन तासांवरून गोष्ट एका तासावर आली आहे; आम्ही दोनवर ठाम आहोत. कारण तो मिस्त्री येत्या वर्षअखेर निवृत्त होईल. त्याच्या बोटात जे आहे ते तोवर कोणाच्या तरी कोपरात उतरले नाही तर ते त्याच्याबरोबरच घरी जाईल, आणि कोणत्याही वहीत ते सापडणार नाही.

बंधुभगिनींनो, उन्हाळ्याची सुटी लागते आहे. आपली मुले पोहणे शिकतील, तबला शिकतील, कोणी टंकलेखन तर कोणी शिवणकाम शिकेल. फी भरताना वर्गात साधने कोणती आहेत हे आपण विचारताच. ते जरूर विचारा. त्याबरोबर एक दिवस अर्धा तास बाजूला बसून शिकवणाऱ्याकडेही पाहा. तो किती बोलतो यापेक्षा किती पाहतो हे पाहा. घरी आल्यावर मुलाला विचारा की, आज सरांनी तुला काय सांगितले? मुलाने दहा गोष्टी सांगितल्या तर थोडी काळजी करा. त्याने एकच सांगितली आणि ती दुसऱ्या मुलाला सांगितली त्याहून वेगळी असली, तर त्या शिक्षकाची फी वेळेवर द्या आणि त्याला सोडू नका.